डोळ्यांपुढची कोलमाची रेघ

शुक्रवार, दिवेलागण. तंजावूर.

ती रेघ आज पुन्हा दिसली. दारातल्या कोलमाच्या रांगोळीसारखी वेडीवाकडी, चमकणारी. मागोमाग अर्धं डोकं फुटायला लागलं. सासूबाई, म्हणजे अम्माच, डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अम्मा म्हणाल्या, "आमची सून इंग्रजी गोळीला हात लावत नाही." आणि मी हसले. हसले कशाला?

दिवस राहू नयेत म्हणून रोज गोळी घेतेय मी. औषधाच्या दुकानात मागितली की गोळ्यांची पट्टी मिळते, रक्तदाब कधी कुणी बघितला? आज बघितला तर वाढलेला. आणि पट्टीबरोबरचा कागद आत्ता, पहिल्यांदाच वाचला. अशी रेघ दिसून डोकं दुखत असेल तर ही गोळी नको, लगेच डॉक्टरांना सांगा. मेंदूला धोका.

अम्मा दुसऱ्या नातवंडासाठी नवस बोलल्यात. ह्यांना सगळं ठाऊक आहे, पण आईपुढे तेही मुके. आणि माझं अर्धं अंग गेलं तर? माझ्या लेकीची, चिमीची वेणी कोण घालेल?

आजची गोळी घेतली नाही. पट्टी पर्समध्ये टाकलीय, डॉक्टरीणबाईंकडे परत जायला ऑटो बोलावलीय. ती रेघ अजून डोळे मिटले तरी दिसतेय, की भास?

अम्मा दारातून विचारतायत, "आता पुन्हा कुठे?"

त्यांनाही चला म्हणणार आहे. दोनदा सांगायचं बळ माझ्यात नाही.