खांबाला बांधलेला दोरा

पांढुर्णा, ४ नोव्हेंबर १९५६
पोहोचलो एकदाचा! स्टेशनावरच संत्री खाल्ली, झकास. तीन दिवसांपूर्वी आमचं नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हे गाव मध्य प्रदेशात राहिलं. बरंच झालं म्हणायचं, हे खेडवळ तिकडेच बरे. शेठ पुंडलिकरावांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात आगीसाठी पाण्याची उंच टाकी बांधायची आहे, मी आखलेल्या चार खांबांवर. दीडपट ताकदीचं नवं पोलाद, पट्ट्या वेल्डिंगनं जोडलेल्या. ताकद जास्त म्हणून खांब बारीक केले. इथल्या गुणवंता मिस्त्रीनं ते पाहून तोंड वाकडं केलं. उभ्या जन्मात सागाच्या लाकडी बल्लीपलीकडे काही पाहिलेलं नाही आणि मला शिकवणार!

१२ नोव्हेंबर
खांब उभे, टाकी चढली. खाली, चार खांबांच्या मधोमध माझी टिनाची खोली. दाराची चौकट दोन खांबांनाच जोडून घेतली. बाहेर सावलीत बाया कापसातला कचरा वेचतात. सकाळी बघतो तर प्रत्येक खांबाला वरून खालपर्यंत ताणलेला सुती दोरा. नवस! चारही तोडून फेकले. बायांतली म्हातारी मनकर्णा हळहळली. मला हसू आवरेना.

१५ नोव्हेंबर
टाकी अर्धी भरली. मी रोज दोरे तोडतो, हे लोक रोज बांधतात. गुणवंता म्हणाला, साहेब, खांब वाकून राहिला जी. म्हटलं, तुझी अक्कल वाकली.

१७ नोव्हेंबर
आज तोडता तोडता हात थांबला. दोरा सरळ होता, खांबाला चिकटून असायला हवा होता. मध्ये बोटभर फट. नवस कसला, मोजमाप करत होते ते.
हिशेब पुन्हा मांडला. उंच, बारीक खांब चिरडत नाही, वाकतो; तिथे पोलादाची ताकद कामी येत नाही, जाडी लागते. वेल्डिंगचा ताण तर मी धरलाच नव्हता. शाळकरी चूक! टाकी रिकामी करा, एवढंच सांगायचं. पण त्या गुणवंतासमोर?

१८
फट दोन बोटं. सांगितलं नाही. टाकी काठोकाठ भरली.

१९, दुपार
गुणवंतानं बायांना लांब नेलं. मलाही हाका मारतो आहे, निघा जी म्हणून. या अडाण्यांदेखत पळू? छट्! बसलो आहे इथेच —
मेजावरची दुसरी पेन्सिल आपोआप गडगडली.
फट तीन बोटं — नाही, चार —
टिन करकरतंय. बरं बाबा, जातो, झक मारत —
दार उघडेना. चौकट दबली. बाहेरून कोणी ओढून राहिलं — मनकर्णा —
दूर व्हा. मनकर्णाबाई, तुम्ही तरी —