जॉबशीटवर न लिहिलेलं पाणी

सोलापूर
५ डिसेंबर २०२५, शुक्रवार, दुपारचे साडेतीन

भुवना,

तुमच्या जिन्यात तू विचारलंस, "कुणी केलं हे?" आणि मी सर्व्हिस सेंटरमधल्या अभिमन्यूचं नाव घेतलं. सगळं बदललं ते तिथं. आज बारा दिवस झाले.

तू बरी असशील. अव्वाची कंबर आता बरी आहे. अप्पांनी लेथला नवा पट्टा घातलाय, त्यामुळं दुकानात आवाज कमी झाला आणि डोक्यातलं जास्त ऐकू यायला लागलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. एवढं लांब मी कॉलेजच्या जर्नलमध्येसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.

सकाळी कंपनीचा मेल आला. तुझा लॅपटॉप बदलून द्यायला ते तयार झालेत, सोमवारी नवीन येणार. तू सांगितलंस तसंच केलं होतं मी. दुरुस्तीला टाकला त्या तिन्ही वेळच्या जॉबशीट जपल्या. कंपनीला लेखी तक्रार केली, तक्रारीचा नंबर घेतला, पंधरा दिवसांत काही झालं नाही तर ग्राहक आयोगात जाईन असं शेवटी लिहिलं. "वॉरंटीतलं काम तीनदा फसलं की बदलून मागायचं, आणि आवाज चढवायचा नाही," तू म्हणाली होतीस. काउंटरची काच एकदा वाजवली, ते सोड. आवाज नाही चढवला. त्याच्याहून वाईट केलं.

त्या मेलमध्ये खाली अजून एक ओळ होती. संबंधित इंजिनिअरला कामावरून काढलंय. म्हणजे अभिमन्यूला.

मला खूश करायला सेंटरच्या मॅनेजरनं फोन करून वर हेही सांगितलं, की आज पाचला तो शेवटच्या सह्या करायला सेंटरवर येणार आहे. मी ते भीमाअण्णाला सांगितलं. त्यानं विचारलं म्हणून. तुझ्या भावापुढं मला नाही म्हणवत नाही. कधीतरी तुझ्यासाठी त्याच्याच दारात यायचंय, हे डोक्यात धरून मी वागत आलो.

अण्णा म्हणाला, "प्रोजेक्ट गेला, इंटरव्ह्यू गेला माझ्या बहिणीचा त्या बेण्यामुळं. पोरं सेंटरच्या जिन्याखाली उभी करतो. तू फक्त बोट दाखव, गुरू."

"म्हणजे काय करणार अण्णा?"

"हात लई चालतात न्हवं त्याचे? जरा विश्रांती देऊ." आणि हसला. त्याचं ते हसणं तुला माहीत आहे.

आता लिहितो. तीनदा पान बदललं, तरी इथंच येऊन पेन थांबतं.

मी सांगितलं तसा त्या लॅपटॉपवर कुणी चहा सांडला नाही, भुवना. ड्रॉइंगचा सराव करायला म्हणून तू मला तो चार दिवस दिलास, ती खंडेनवमी होती. दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाने, कानस, ड्रिलचे बिट मांडले आणि मधोमध तुझा लॅपटॉप ठेवला. उघडून. झेंडूही ठेवला. अव्वा म्हणाली, "हे कुणाचं रे?" मी म्हटलं, आपलंच समज. मग तिनं सगळ्यांबरोबर त्यालाही कुंकू लावलं आणि देवळातून आणलेलं तीर्थ शिंपडलं. चांगलं ओंजळभर. मी बघत होतो. तुझी वस्तू आमच्या घरच्या पूजेत आहे, एवढ्यातच मी खूश होतो. पुसायचं सुचलंच नाही.

रात्री तो बंद पडला.

अभिमन्यूनं पहिल्याच दिवशी माझ्यासमोर खालचं झाकण काढलं. आत गुलाबी ओघळ वाळलेला. कुंकवाच्या केम गावचा आहे तो, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. हळूच म्हणाला, "ह्यो कुंकवाचा रंग हाय की दादा. पूजा केली न्हवं?"

मी नखानं तो ओघळ खरवडून बघितला.

"आमच्या आयनं नव्या मोबाईलला पंचामृत पाजलं हुतं," म्हणाला. "मी जॉबशीटवर पाण्याचं लिवत न्हाय. लिवलं की वॉरंटी संपली. पुसून, बोर्ड बदलून देतो. पर आतनं गंज चढला तर माज्या हातात न्हाय, आधीच सांगतो."

गंज चढला. दुसऱ्यांदा बंद पडला, तिसऱ्यांदा पडला. तिसऱ्या वेळी मॅनेजरनं स्वतः उघडला आणि म्हणाला, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. त्याच संध्याकाळी तू जिन्यात विचारलंस. तुझे डोळे रडून सुजले होते. स्वतःच्या आईचं, अव्वाचं नाव मला घेता येईना, माझं तर त्याहून नाही. तोंडातून निघालं, त्या अभिमन्यूनं माझ्यासमोर चहा सांडला. तक्रारीत तेच लिहिलं, आणि पुरावा म्हणून पहिली जॉबशीट जोडली. लॅपटॉप आला तेव्हा पाण्याची नोंद नाही, हे त्याच्याच अक्षरात दिसत होतं की. त्यानं माझ्यासाठी जे लिहिलं नाही, त्यानंच मी त्याला धरला.

कॉलेज सोडलं तेव्हाही तुला सांगितलं होतं, सरांनी काढलं. सरांनी फक्त जर्नल परत लिहायला सांगितलं होतं. मी ते त्यांच्या टेबलावर फाडलं आणि निघून आलो. दोन वेळा समजावायला ते घरी आले होते. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

मघाशी कंपनीला खरं काय ते लिहून मेल पाठवला. सोमवारी काही येणार नाही. तुझं मी अजून एकदा नुकसान केलं.

अभिमन्यूचा नंबर माझ्याकडं नाही. सेंटरला सहा वेळा लावला, "नोकरीवर नाही" म्हणून ठेवून देतात. भीमाअण्णाला फोनवर सांगितलं तर मी घाबरून फिरलो असं समजून तो मला न घेताच पुढं जाईल, आणि पोरं तिथं आत्ताच जाऊन उभी आहेत. त्यातल्या दोघांनी अभिमन्यूला आधी बघितलंय. बोटाची त्यांना गरज नाही. म्हणून तो घ्यायला आला की मी त्याच्या गाडीत बसणार आणि गाडीतच सांगणार. ऐकल्यावर अण्णा काय करील, मला ठाऊक नाही. माझ्यावर उतरलं तर उतरू दे. तेवढ्यात पाच वाजून जायला नकोत.

समोरची महेश्वरी चारला तुमच्या गल्लीत शिकवणीला जाते, तिच्या हातात हे देतोय. वाचल्यावर माझ्यासाठी काही करू नकोस. अण्णाला फोन लाव, पोरं मागं घ्यायला सांग. तुझा फोन तो उचलतो.

अव्वाला यातलं काही सांगितलेलं नाही. "आताच आलास, परत कुटं?" म्हणाली. मी म्हटलं, येतो.

दार बाहेरून ओढून घेतलंय. एवढं पायरीवर बसून लिहितोय. गल्लीच्या तोंडाशी अण्णाचा हॉर्न वाजतोय, आणि गाडीत मागं अजून दोघं बसलेले दिसतात.

गुरुशांत