माहेरी न झालेलं बाळंतपण

आये, तुला वाचता येत नव्हतं हे आता माझ्या पथ्यावरच पडलं आहे. तू असतीस तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं. तू गेलीस त्याला पन्नास वर्षं होत आली. परवा एका दाखल्यासाठी तलाठी कचेरीत गेले होते. तिथल्या बाईंनी आपल्या वाडीचं नाव यादीत शोधलं आणि म्हणाल्या, "आजी, ही वाडी बेचिराख आहे." ज्या गावात कोणीच राहत नाही त्याला सरकारी कागदात बेचिराख म्हणतात. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या, लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. पण घरी येऊन मी ताट बाजूला सारलं. सून विचारत राहिली, तिला म्हटलं पित्त झालंय.

कुळगावातून नदी ओलांडून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की आपली वाडी. मी लहान असताना तिथे अठरा उंबरे होते आणि त्या उंबऱ्यांआड जन्मलेलं एकूण एक पोर तुझ्या हातावर आलेलं. बाळ झालं की मागून पडलेली वार तू स्वतः न्यायचीस, त्या घरच्या न्हाणीमागे हातभर खड्डा काढून पुरायचीस आणि वर एक चपटा दगड ठेवायचीस. कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून दगड, असं लोक समजायचे. तुझ्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता. जिथे वार पुरली तिथलं ते माणूस, मग ते जगभर फिरो. ह्या घरचे पाच, त्या घरचे सात, असं तू मला ते दगड दाखवत सांगायचीस. आपल्या न्हाणीमागे तीन होते, मी आणि माझ्या पाठचे दोघे भाऊ.

ते दोघे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत वारले. सलग दोन पावसाळे भाताने दगा दिला. रेशनचं धान्य कुळगावपर्यंत यायचं आणि तिथेच संपायचं. आपण कडू कंद उकरून आणायचो. तू त्यांच्या चकत्या करून टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचीस, म्हणजे कडवटपणा निघून जावा. धाकटा मात्र धीर धरायचा नाही, अर्धवट धुतलेल्याच खायचा. मग ओकाऱ्या. त्यात पावसाळ्याबरोबर हिवतापाची साथ आली. तू दोघांनाही मांडीवर घेऊन बसली आहेस, एक ह्या मांडीवर, एक त्या, आणि मला म्हणते आहेस, "पानी आन, पोरी, गरम पानी आन." बाळंतपणात जसं सांगायचीस अगदी तसंच. आजही गॅसवर पाणी ठेवलं की तो आवाज ऐकू येतो.

मग माणसं जायला लागली. गाव सोडताना माणसं रडतात असं म्हणतात, आपली कोणी रडली नाहीत. दाराला कडी घातली आणि "चार महिन्यांत येतो" म्हणून निघाली. कोणी मुंबईला गोदीत, कोणी अंबरनाथच्या कारखान्यात, कोणी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, कॅम्पात, फाळणीनंतर सिंधी लोक आले तेव्हा तिथे बांधकामावर. आधी पुरुष गेले, मग बायका, मग भांडीकुंडी. देश स्वतंत्र झाला तोवर सहा-सात घरांतच चूल पेटत होती. तू मात्र बंद घरांच्या परसात जाऊन त्या दगडांभोवतीचं गवत उपटत बसायचीस. एकदा मी वैतागून म्हटलं, "कोण येणार आहे आता? बरंय की, तुला आराम." शेणाने भरलेल्या हाताने तू माझ्या गालात ठेवून दिलीस. "कोन येत नाय म्हनून गवत वाढू द्यायचा? ही पोरां हितली हायत. जातील कुठं?" मी बारा-तेरा वर्षांची होते. गाल चोळत मनात म्हटलं, ही येडी झाली आहे.

वाडीतलं शेवटचं बाळंतपण माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी झालं. ते बाळही सव्वा महिन्याचं झालं आणि त्याची आई त्याला घेऊन नवऱ्याकडे मुंबईला गेली. त्यानंतर तुझ्या हातांना काम उरलं नाही. मी लग्न होऊन अंबरनाथला, स्टेशनच्या पश्चिमेच्या चाळीत आले. तुझा जावई आगपेट्यांच्या कारखान्यात होता, घरात नळाचं पाणी होतं. खरं सांगू? मला वाडीची आठवण येत नव्हती. आठवण यायची ती तुझी. वाडी वेगळी आणि तू वेगळी असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तुझ्या लेखी ते एकच होतं, हे मला कळत होतं.

कॅम्पातून एक सिंधी बाई चाळीत पापड विकायला यायची. माझं पोट दिसायला लागल्यावर ती दारात टेकून चौकश्या करायची. एकदा तिने विचारलं, "मायके जाओगी ना? गाँव में कौन-कौन है?" मी म्हटलं, "आई आणि तीन म्हाताऱ्या." ती बघतच राहिली. "हमारा गाँव तो एक दिन में खाली हुआ, बेटी. पीछे आग लगी थी. तुम लोगों को किसने निकाला?"  आपल्याला कोणीच हाकललं नव्हतं, आये. "किसी ने नहीं," एवढंच म्हटलं. ती पापड मोजायची थांबली आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिच्यापेक्षा माझंच दुःख मोठं. मला तिचा राग आला.

आणि ज्येष्ठात तू मला न्यायला आलीस. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय? नदी ओलांडून, बदलापूरला गाडीत बसून, डोक्यावर जुन्या तांदळांचं बोचकं, कमरेला हळिवांची पुरचुंडी. बसायच्या आधीच बोलायला लागलीस. घर सारवलंय, पाळणा खाली काढून दोऱ्या बदलल्यात, तिन्ही म्हाताऱ्यांना सांगून ठेवलंय. एक तर रोज येऊन विचारते, पोर कवा येनार. "पाच वर्सां झाली, वाडीत तान्हा पोर रडला नाय," तू म्हणालीस. "म्हातारी मानसां रडतात, त्याला काय रडना म्हनतात?" तुझ्या तोंडावर इतका आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

मला आठवा लागला होता. मी सहावा सांगितला. म्हटलं, "दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलंय. इतक्या लवकर येऊन काय करू? श्रावण संपला की येते." तू मला आडवं केलंस, पदर बाजूला सारलास आणि पोटावर दोन्ही हात ठेवलेस. आये, तू सुईण. तुझ्या बोटांना दिवस कळतात हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. आत पोर हललं. तू हात काढून घेतलेस आणि म्हणालीस, "डाक्टर सांगतो तं बरोबर आसंल." तांदूळ डब्यात ओतलेस, हळीव फळीवर ठेवलेस आणि दुपारच्या गाडीने परत गेलीस. थांब म्हणाले तर म्हणालीस, म्हाताऱ्या वाट बघत असतील.

आषाढात कॅम्पाजवळच्या दवाखान्यात मुलगी झाली. निरोप मिळाला तशी तू बाराव्या दिवशी आलीस. मी भांडणाच्या तयारीत होते, चार उत्तरं पाठ करून ठेवली होती. तू एकच विचारलंस. "वार कुठं टाकली?" मी म्हटलं, नर्सने नेली. "कुठं?" मला माहीत नव्हतं. तू तिसऱ्यांदाही तेच विचारलंस, अगदी हलक्या आवाजात, जशी काही वस्तू चुकून कुठे राहून गेली होती आणि अजूनही जाऊन आणता आली असती. मग पाटावर बसलीस, पाय लांब केलेस, नातीला तेल लावून न्हाऊ घातलंस. तुझे हात किती हलके होते. जाताना जावयाला म्हणालीस, "आता हिचा गाव कंचा?" तो हसून म्हणाला, "अंबरनाथ." तू मान हलवलीस. तो अजून हसत होता आणि मी त्याला थांबवलं नाही.

दीड वर्षाने तू गेलीस. आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर तिघींपैकी एकच म्हातारी बसली होती, बाकीच्या दोघी आधीच गेल्या होत्या. तुला खांदा द्यायला वाडीत एकही पुरुष नव्हता. जावयाने पुन्हा अंबरनाथ गाठलं, कारखान्यातून तीन माणसं पाळी बदलून आणली, तोवर तू अंगणात. त्या तिघांनी तुला कधी पाहिलं नव्हतं. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशींचं नाव काय?" तुझ्या हातावर जन्मलेली कितीतरी माणसं त्या वेळी गोदीत नाहीतर यंत्रांपुढे उभी होती, आणि मी अनोळखी माणसाला तुझं नाव सांगत होते. ती म्हातारी पुढच्या पावसाळ्याआधी लेकीकडे गेली. झालं. संपली वाडी.

लोकांना मी सांगत आले की दवाखाना जवळ होता, म्हणून माहेरी गेले नाही. तुझी स्वतःची दोन मुलं तुझ्या मांडीवर गेली होती, म्हणून भीती वाटली, असंही नवऱ्याला सांगितलं. दोन्ही खोटं. डॉक्टरचं तोंडही मी तोवर पाहिलं नव्हतं आणि तुझ्या हातांवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मला ती कड्या घातलेली घरं बघायची नव्हती, एवढंच. तुझ्या आनंदाचीही धास्ती वाटली. तो एका बाळंतपणाला पेलणारा नव्हता. पोर चालायला लागेपर्यंत तू मला सोडलं नसतंस, आणि मीही निघाले नसते.

आणि एक. तुला शेवटचं पोचवायला आले तेव्हा मला तिसरा महिना होता. मळमळ दाबत मी तुझ्या पायाशी बसले होते. तुला कळवलं नव्हतं. दुसरं बाळंतपण सासरीच करायची रीत, कोणी मला दोष दिला नसता. पण कळलं असतं तर तू पुन्हा बोचकं बांधून न्यायला आली असतीस, म्हणून मी कळवलं नाही.