साठ सेंटिमीटर खाली

प्रिय शाझली,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. त्यावर जाऊ नकोस.

गेला महिनाभर मी गप्प आहे, तर तू कुसैर गावभर सांगत सुटलास की रावया सोफ्याच्या रंगावरून रुसलीय. तुझी आई माझ्या आईला म्हणाली, पोरीला हिरवाच घ्या, पण बोलती करा! मी रुसले नव्हते रे. मी अठ्ठावीस दिवस मोजत होते.

बालवाडीच्या जागेवरून आपल्या प्रयोगशाळेत तपासायला तू आणलेल्या मातीच्या तीन पिशव्या आठवतात? पंधरा, तीस, साठ सेंटिमीटर खोलीवरच्या. लेबलं तुझ्या हातची. उरलेली माती टाकून द्यायला मी त्या उघडल्या, तर साठवाल्या पिशवीत बकरीच्या लेंड्या! कोणती बकरी इतक्या खोल जाते, शाझली? वरचीच वाळू तीनदा भरलीस. आणि जागा सुरक्षित असल्याच्या अहवालावर तुझ्या सहीखाली माझी सही आहे. साखरपुड्याच्या सकाळी केलेली, न वाचता, कारण कागद तू पुढे केला होतास.

मग मी इद्रीसचाचांना घेऊन गेले. चाळीस वर्षं फॉस्फेटच्या खाणीत काढलेला माणूस. पहिल्या फावड्यालाच हसले. म्हणाले, पोरी, वर वाळूची चादर आहे, खाली आमच्या खाणीचा चोथा. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या ठेकेदार मामानेच भरावाला आणून ओतला. तू असतास तर म्हणाला असतास, चमचाभर मातीसाठी कबर खोदतेस का? हो, खोदली. खालची माती नीट वेगळी काढली, वाळवली, चाळली, बरण्यांत हवाबंद केली. चार आठवडे थांबल्याशिवाय माती खरं बोलत नाही, हे मला तूच शिकवलंस. तेव्हा किती आवडायचास तू.

आज सकाळी किरणोत्सर्ग मोजला. खालच्या मातीत वरच्यापेक्षा सातपट. त्यातला किरणोत्सर्गी रेडॉन वायू वर येईल, बंद खोलीत साचेल, आणि पोरं तिथे जमिनीवर बसून चित्रं काढतील. त्याच मामाने आपल्याला घराचा वरचा मजला देऊ केला होता. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणत होतास. मी पडदेसुद्धा मापले होते.

रविवारी बालवाडी उघडतेय. उद्या मी नगरपालिकेत जाऊन माझी सही मागे घेणार, चूक आधी माझी सांगणार. तुझी तू सांग, नाहीतर पिशव्या सांगतील. हे पत्र इद्रीसचाचा आणतील, सोबत रुमालात अंगठी आणि चारही बांगड्या आहेत. लग्न मोडणारी मी आहे, तेव्हा रिवाजाप्रमाणे सोनं मीच परत करायचं. मोजून घे. या वेळी तळापर्यंत.

आता तुझी नसलेली,
रावया