पडद्यावरचे ‘बरं हाय’

॥ श्रीराम ॥
मेढा, कार्तिक वद्य पंचमी, शके १९२१
(दि. २८ नोव्हेंबर १९९९)

चि. डॉ. शौनक यास अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील क्षेम तुझी आई दर रविवारी फोनवर कळवितेच. हे पत्र मात्र तिच्या नकळत लिहितो.

तुमच्या इस्पितळाने साताऱ्यात कॅमेरा नि पडदा मांडला आणि आम्हां तालुक्याच्या डॉक्टरांना रोगी आणण्याची आज्ञा झाली. मी माझ्या जुन्या रोगी धोंडुबाईंना आणले. ‘सांगलीचे डॉक्टर टीव्हीतून बघणार’ एवढेच त्यांना उमजले. म्हणून ठेवणीतले लुगडे नेसून, कपाळभर कुंकू लावून, त्या कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून ताठ बसल्या. आपल्याकडे फोटोला असेच बसतात, हे तू विसरलास?

तू सांगलीहून विचारलेस, “आजी, दम लागतो का?”

“बरं हाय, लेकरा. तूच लय वाळलास की!”

सारे हसले. तूही हसलास. “बाबा, काळजीचे काही नाही,” म्हणालास आणि पडदा विझला.

तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला. “झाला का वो फोटू, डाक्टर?” एवढे विचारून धापा टाकीत माझ्या खांद्यावर कलंडल्या. पायाच्या सुजेवर बोट दाबले; पडलेला खळगा भरेना. तेथूनच त्यांना रुग्णालयात दाखल केले.

इंद्रियांवाचून सर्व जाणणे परब्रह्मास शोभते, वैद्यास नव्हे! दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही आपली तीन साधने. त्यांतले स्पर्शन तुम्ही टाकूनच दिलेत, आणि उरलेल्या दोहोंना फोटोपुरते ताठ बसणे नि ‘बरं हाय’ एवढेच पुरले. वर नंतर डॉक्टरांच्या सभेत म्हणालास, ‘जुन्या डॉक्टरांना यंत्राची भीती वाटते.’ भीती नव्हे रे, संताप! दुर्गम वाडीवर तुझा सल्ला जरूर पोहोचावा. पण रोग्याला हात लावणारा कोणी तेथे आहे की नाही, हे तरी विचार!

आज रविवार. तुझ्या फोनच्या बऱ्याच आधी तुझी आई फोनजवळच्या स्टुलावर येऊन बसते. स्वयंपाकघरातून तेथवर यायलाही तिला दम लागतो. तो खाली बसेपर्यंत कोणाशी बोलत नाही. घंटी वाजली की पदर सावरते आणि म्हणते, “बरं आहे रे!”

तू मानतोस. मी तिला तपासले आहे. माझे निदान चुकावे, अशी रामरायापाशी प्रार्थना आहे.

फोनवर तिला काही विचारू नकोस. ये, आणि तिचा हात हातात घे.

पत्र ‘कळावे’ म्हणून संपवितात. मी तसे लिहीत नाही. येऊन पाहावे.

तुझा,
बाबा