उमा नावाची पणती

४ डिसेंबर, सकाळी ७
नातीचं नाव ठरलं. उमा. मीच ठरवलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण विरोध होण्यासारखं त्यात काही नाही. लेक जयिता बाळंतपणाला आली आहे, बाळाचं अन्नप्राशन होईपर्यंत इथे कृष्णनगरलाच. मग सासरी, सिलीगुडीला. तिथे पाळणा, साखळी, खेळणी, सगळं विहीणबाईंचं. नाव तेवढं माझं असावं. पोरीला उभा जन्म माझ्या शब्दाने हाक मारतील. विजेच्या हापिसातल्या रिटायर्ड हेडक्लार्कने दुसरं द्यायचं तरी काय?

सायंकाळी ६
सुरमाला सांगितलं. म्हणाली, "बरं. बुडीची झबली वाळली का बघा जरा." बुडी म्हणजे म्हातारी. पहिल्या दिवसापासून बायको बाळाला हेच म्हणते. घरच्या हाकेचं एक नाव आमच्यात लागतंच, पण म्हणून हे? मला मुळीच पसंत नाही.

७ डिसेंबर
विहीणबाईंचा फोन. त्यांना 'सृजनी' हवंय. मी शांतपणे म्हटलं, नाव ठेवायला अभ्यास लागतो. (सुरमा म्हणते मी ओरडत होतो. माकडटोपी घातली की आपला आवाज आपल्याला कळत नाही.)
निश्चय: 'उमा' या शब्दाचा सर्व भाषांतला इतिहास लिहायचा आणि अन्नप्राशनाला छापून वाटायचा. रोज पहाटे उठून.

८ डिसेंबर, ९.४०
थंडी फार. पहाट उद्यापासून.

१५ डिसेंबर
संस्कृतात उमा म्हणजे तेज. अळशीसुद्धा. असू दे, अळशी गुडघ्यांना चांगली. उगम तर फारच सुंदर. पार्वती तपाला निघाली तेव्हा आई कळवळून म्हणाली, "उ, मा!" म्हणजे "अगं, नको!" तेच नाव पडलं. सुरमाला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे पोरीला जन्मभर 'अगं नको' म्हणून हाक मारायची?" बाळाने त्याच वेळी माझा चष्मा ओढला. "बुडी, सोड," म्हणून सोडवून घेतला. काम तिथेच थांबलं.

२२ डिसेंबर
हिब्रूत उमा म्हणजे राष्ट्र! पोर्तुगीजमध्ये 'एक'. एक राष्ट्र! चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. घोषालने लगेच मोबाइल काढला. जपानीत घोडा. स्वाहिलीत जेवायचा काटा. "वा, भादुडीदा! नातजावयाला वरातीला घोडा भाड्याने आणायला नको," म्हणाला. सगळी टपरी हसली. अर्धा चहा टाकून उठलो. घोषालशी बोलणं बंद. घोडा आणि काटा ग्रंथातून वगळणार.

९ जानेवारी
ग्रंथाची अर्पणपत्रिका झाली. उत्तम झाली आहे. बाकीचं आता लिहायचं म्हटलं की लिहून होईल.
विहीणबाईंचा पुन्हा फोन. मी पुन्हा शांत. शेवटी जयिता वैतागून म्हणाली, "बाबा, पुरे करा. पणत्या लावू." आमची जुनी रीत आहे. प्रत्येक नावाची एक पणती, शेवटपर्यंत जळेल ते नाव. मी ताबडतोब होकार दिला. पणत्या भरायचं कामही मागून घेतलं. वयाने मोठा मीच.

२ फेब्रुवारी
कुंभाराकडून खोलगट पणती आणली. उमा म्हणजे अळशी, तेव्हा तिच्यात अळशीचं तेल. ही लबाडी नव्हे, संशोधन आहे. विहीणबाईंना साधी पणती, मोहरीचं तेल, बेताचं. मनाला जरा टोचलं. चहा घेतल्यावर बरं वाटलं.

६ फेब्रुवारी, दुपारी ३
अन्नप्राशन. उमाची पणती काठोकाठ भरली, वर आणखी एक पळी. सगळ्यांसमोर पेटवली. भटजींनी मंत्र म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वात घसरली आणि तेलात बुडाली. सृजनीची आपली मजेत जळत होती. सुरमा म्हणाली, "अहो, वातीला डोकं वर काढायला तरी जागा ठेवायची!" विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. जमलं नाही.
बाळाला मामा नाही, म्हणून पहिला घास मीच भरवला. नोलेन गुळाची, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची खीर. दोनदा चष्मा पुसावा लागला. थंडीने.

८ फेब्रुवारी
गेली.
स्टेशनवरून परत येताना रिक्षात सुरमाला म्हटलं, निदान माझ्यापुरती तरी ती उमाच राहणार. म्हणाली, "इतके दिवस घरात होती. एकदा तरी उमा म्हणून हाक मारलीत? सकाळ-संध्याकाळ बुडी, बुडी चाललेलं असायचं." मी म्हटलं, खोटं. मग घरापर्यंत आठवून पाहिलं. एकही वेळ आठवली नाही.

११ फेब्रुवारी, सायंकाळी
व्हिडिओ कॉल होता. दुपारभर मनात घोकलं: उमा, उमा. पडद्यावर ती दिसली, नवीन टोपीत, आणि तोंडातून निघालं, "ओ बुडी!" ती खुदकन हसली. मागून विहीणबाई म्हणाल्या, "सृजनी म्हणा हो, सवय लागू दे तिला." "हो," म्हटलं. आणि लाइन गेली.
अर्पणपत्रिकेत सुरमाने गुळाची ढेप गुंडाळून ठेवली आहे. घर रिकामं झालं आहे, बोलायचं तरी कुणाशी? तिन्हीसांजेला ओसरीवर बसल्या बसल्या सवयीने हाक मारली, "बुडी."
स्वयंपाकघरातून सुरमाने ओ दिली.