आकाश वजा केल्यावर

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज मी वर्गात प्रकाश शिकवून आले. श्रीरामपूरलाच, स्टँडमागच्या एका खाजगी क्लासमध्ये. अणूतल्या इलेक्ट्रॉनला उष्णता मिळाली की तो वरच्या पातळीवर जातो, तिथे टिकत नाही, खाली येतो आणि येताना उजेड सोडतो, असं फळ्यावर काढून दाखवत होते. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" म्हटलं, एका मार्काला येतं. तिनं पेन खाली ठेवलं. मला तिचा रागसुद्धा आला नाही.

घरी येताना तुमचं स्वयंपाकघर आठवत राहिलं. मी नववीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला गॅस संपलाय, म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी आणलंय. ओल्या चमच्यावर चिमूटभर मीठ घेऊन तुम्ही तो शेगडीच्या निळ्या ज्योतीत धरता आणि ज्योत एकदम पिवळीधमक होते. लसूण सोलत बसलेल्या तुमच्या सासूबाई विचारतात, "मीठ कशाला जाळतीस गं? पोरीची दृष्ट काढतीस व्हय?" मी म्हणते, "किती छान दिसतंय!" आणि तुम्ही माझ्यावर डाफरता. "छान मागनं म्हण. मीठ पांढरं, ज्योत निळी, मग पिवळं आलं कुठून ते सांग आधी." मग तुम्हीच सांगता की हा सोडियमचा रंग; प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले, एकाचे दुसऱ्याला येत नाहीत. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना ऊर्जा सुटते, तिला बाहेर यायला हजारो वर्षं लागतात, आणि वरच्या थरांतून निसटताना तो उजेड तिथे काय काय आहे त्याच्या खुणा घेऊन येतो. "तिथं कुणी जाऊन आलेलं नाही, तरी कळतं," असं तुम्ही म्हणालात. त्या एका वाक्यावर मी माझं सगळं शिक्षण केलं.

पुढे मी ताऱ्यांवर संशोधन करू लागले; दुर्बिणीला डोळा लावून आता कोणी बसत नाही, हे सांगितलं तेव्हा तुम्ही हिरमुसल्या होतात. ताऱ्याचा उजेड वेगवेगळ्या रंगांत फाकवतात, त्याचा आलेख होतो आणि आम्ही पडद्यावर उंचवटे न् खड्डे बघत बसतो. शिवाय तारा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर आपल्या आकाशाचा उजेडही येतो. तो वजा करावा लागतो. नगरच्या दवाखान्यात, दुपारी भेटायच्या वेळेला, मी माझा पहिला आलेख मोबाईलवर तुम्हाला दाखवला. एका मंद ताऱ्याभोवतीच्या वायूत सोडियम चमकताना मला सापडलं होतं. नाकात नळी असतानाही तुम्ही बोट लावलंत. "हे टोक?"

"हो बाई. सोडियम."

"अगं, म्हणजे आपलं मीठच की!" आणि इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरला म्हणालात, "ही माझी विद्यार्थिनी. हिला ताऱ्यापाशी मीठ सापडलंय." ती म्हणाली, "व्हय का? बरं, हात सरळ करा आजी."

त्यानंतर आठवडाभरात तुम्ही गेलात. पुढे माझ्या मार्गदर्शकांनी सगळं पुन्हा तपासलं आणि शांतपणे म्हणाले, "आकाश नीट वजा झालेलं नाही. हा दुर्बिणीच्या डोंगराखालच्या गावातल्या दिव्यांचा उजेड आहे." रस्त्यावरचे पिवळे दिवे, बाई; त्यांतही सोडियमच असतं. मी पुन्हा वजाबाकी केली, तेव्हा टोकाच्या जागी काही उरलं नाही. त्यावर छापलेला लेख मागे घेतला, संस्थेतल्या नोकरीचा करार वाढला नाही. दुसरीकडे अर्ज केले, त्यांची उत्तरं आली नाहीत, आणि मी गावी परतले. इथे गच्चीवर उभं राहिलं तर आभाळ राखेसारखं दिसतं. चार-दोन तारे असतात. मी त्यांच्याकडे बघायचंही सोडून दिलंय.

हे सारं कुणाला पाठवायचं? वाचून ठेवून देईन. पण एक गोष्ट कुणालाच बोललेले नाही. दिव्यांचं ते कळलं त्या दिवशी, मार्गदर्शकांच्या खोलीतून बाहेर पडताना, तुम्ही जिवंत नाही याचं मला बरं वाटलं होतं.